गुपचूप पुसलेली पोस्ट

ताई, नमस्कार.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहते. चार वर्षं एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवते, मानधन बातमीमागे मिळतं. शिवाय आसपासच्या गावांसाठी एक व्हॉट्सॲप ग्रुप चालवते, साडेसातशे सदस्य आहेत. फेसबुकवर पानही आहे. श्रावणात एका रात्री ग्रुपवर व्हिडिओ आला. जेसीबी डोंगर कापतोय, लाल चिखल ओढ्यात उतरतोय, आणि खाली लिहिलेलं, 'आपल्याच वाड्यामागे, आत्ता.' मी अकरा वाजता तो पानावर टाकला. सकाळपर्यंत लोकांनी वाड्यामागची, म्हणजे त्या वस्तीमागची, जमीन ज्यांची आहे त्यांचं नाव, घराचा फोटो आणि मोबाईल नंबर खाली टाकला होता. दोन दिवसांनी कळलं की व्हिडिओ गोव्यातला नाहीच. मी पोस्ट पुसली. कोणाला काही बोलले नाही. चवथीला आरतीची मंडळी त्या घरी गेली नाही आणि त्यांच्या मुलीने कॉलेजला जाणं थांबवलं, असं कानावर येतं.

आता इथल्याच एका डोंगरकापणीचा दुसरा व्हिडिओ हातात आलाय आणि तो खरा आहे. तिथे माती वाहणारा टिपर ट्रक चालवणाऱ्या एकाने रात्री काढून मला दिला. दैनिकाच्या डेस्कवरून म्हणतात, लगेच दे, नाहीतर दुसरे टाकतील. एका वजनदार माणसाच्या जवळच्याचा फोन आला, 'त्या डोंगराचं काही टाकलंस तर पोलिसात तक्रार जाईल.' खाणीच्या ट्रकांवरची माझी एक पोस्ट मागे फेसबुकने कारण न देता काढली होती, तेही डोक्यात आहे. घरचे म्हणतात, हे सगळं बंद कर. दोन्ही व्हिडिओ तुम्हाला पाठवलेत. मी काय करू?

— एक वार्ताहर

प्रिय बाय,

हे पत्र छापण्याआधी मी तुझ्याशी फोनवर बोलले, तुझी परवानगी घेतली आणि पत्रातल्या काही खुणा बदलल्या. कोणत्या बदलल्या ते इथे सांगणार नाही. तातडीचं होतं ते तुला तेव्हाच सांगून झालं. तरी सविस्तर लिहिते आहे, कारण पेडण्यापासून काणकोणापर्यंत तुझ्यासारखी बरीच मुलंमुली तालुक्याला बसून बातम्या देतात आणि त्यांच्याही पत्रांत हीच घुसमट असते.

तू विचारलंयस दुसऱ्या व्हिडिओबद्दल. मी पहिल्यापासून सुरुवात करते. त्या घरी अजून गेली नाहीस ना? मग आधी तिथे जा. दुसरी बातमी दोन दिवस थांबली तर काही बिघडत नाही. इकडे ऐन चवथीत ज्यांच्या गणपतीवरच्या फळापानांच्या माटोळीखाली आरतीचं घुमट वाद्य वाजलं नाही, ती माणसं रोज सकाळी दार उघडताना वाड्याकडे कोणत्या नजरेने बघत असतील, याचा विचार कर.

फोन करू नकोस. ज्या नंबरवर आठवडाभर शिव्या आल्या, त्यावर अनोळखी फोन आला तर ते घेणार नाहीत. प्रत्यक्ष जा. एकटीने जायचा धीर होत नसेल तर दोन्ही घरांत ऊठबस असलेलं एखादं जाणतं माणूस बरोबर घे. आणि सरळ सांग, 'काका, तो व्हिडिओ मी टाकला. तपासला नाही. चूक माझी आहे.' नाव आणि नंबर लोकांनी टाकले, तू टाकले नव्हतेस, हे खरं असलं तरी त्या दिवशी ते बोलू नकोस. पान तुझं होतं आणि रात्रभर ते उघडं होतं. ते रागावतील, ऐकून घे. मग विचार, दुरुस्तीत तुमचं नाव यावं की येऊ नये? हे त्यांनीच ठरवायचं. नाव घालून केलेली दुरुस्ती कधीकधी ज्यांना काहीच माहीत नव्हतं त्यांच्यापर्यंतही ते नाव पोचवते.

परत आल्यावर त्याच पानावर आणि त्याच ग्रुपवर लिही. साधारण असं:

'अमुक तारखेला रात्री ११ वाजता मी इथे डोंगरकापणीचा एक व्हिडिओ टाकला होता. तो आपल्या तालुक्यातला नाही, गोव्यातलाही नाही. न तपासता टाकला, ही माझी चूक. त्याखाली ज्या कुटुंबाचं नाव, घराचा फोटो आणि नंबर फिरवला गेला, त्यांचा या प्रकाराशी काहीही संबंध नाही. मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली आहे. तुमच्या फोनमध्ये त्यांचा फोटो किंवा नंबर असेल तर पुसा आणि ज्यांना पुढे पाठवला त्यांना हा मजकूर पाठवा.'

'गैरसमजातून घडलेल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहोत' असलं वाक्य नको. कोणाचा गैरसमज, कोणता प्रकार, त्यातून काहीच कळत नाही. आणि हा मजकूर किमान आठवडाभर पानाच्या माथ्यावर ठेव.

हे इतक्या आग्रहाने सांगते, त्याला कारण आहे. १९९४ साली मी डेस्कवर होते. अपहाराच्या एका बातमीत आरोपीच्या जागी त्याच्या थोरल्या भावाचं नाव माझ्या हातून गेलं, तेही पहिल्या पानावर. शुद्धिपत्र आलं तिसऱ्या दिवशी, आतल्या पानावर, निविदा सूचनांच्या वर चार ओळींचं. सहा वर्षांनी फोंड्याला एका लग्नात ते गृहस्थ समोर आले. मला ओळखून म्हणाले, 'बाई, ते तुमचं शुद्धिपत्र मी कापून खिशात ठेवलं होतं. कोणी वाकडं बघितलं की काढून दाखवायचो.' मला त्या दिवशी पंगतीत बसवेना. चूक ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात दुरुस्ती जायला हवी, हे मी त्यांच्या खिशातल्या त्या कागदामुळे शिकले.

आणि नंबर फिरवणं ही लहान गोष्ट समजू नकोस. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली माणसं होती ती, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवण्याचे जे व्हिडिओ त्या काळात देशभर फिरत होते, त्यातला एक तर कराचीत तयार झाला होता, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागरूक करणारा. मूळ चित्रफितीत शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली, आणि २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. पण तुझ्यासारखीचा एक ग्रुप म्हणजे साडेसातशे घरं. तिथे एकदा पाठवणं पुरेसं होतं.

तुझा पहिला व्हिडिओ मी संगणकावर थांबवत थांबवत पाहिला. नवव्या सेकंदाला ट्रकच्या मागच्या पाटीवर 'केएल' दिसतं, इथली गाडी असती तर 'जीए' दिसलं असतं. डाव्या कोपऱ्यात दुकानाचा फलक आहे, त्यावर गोल वळणाची मल्याळम अक्षरं. मागे एक बाई बोलते, ती कोकणी नाही, मराठी नाही, आपल्या कानांना ओळखीची कन्नडही नाही. दोनतीन चौकटींचे स्क्रीनशॉट काढून, चित्रावरून शोध घेणाऱ्या गुगल लेन्समध्ये टाकले तर तीन वर्षांपूर्वीची केरळातली बातमी समोर आली. सगळं मिळून पाव तास लागला. तुला फसवलं ते लाल मातीने. ही जांभ्याची माती आपल्या डोळ्यांना घरचीच वाटते, पण पश्चिम किनाऱ्याने खाली केरळापर्यंत ती तशीच आहे. जांभ्याला भूगर्भशास्त्रात जे लॅटेराइट नाव पडलं, ते स्कॉटिश सर्वेक्षक फ्रान्सिस बुकाननने १८०७ साली केरळातल्याच अंगाडिप्पुरमचा दगड पाहून दिलं होतं.

लेन्समध्ये काही सापडलं नाही म्हणजे व्हिडिओ खरा, असं मात्र धरू नकोस. न सापडणं हा पुरावा नव्हे. आता तर यंत्राने घडवलेली दृश्यंही येतात आणि ती डोळ्यांनी ओळखता येतील या भरवशावर कोणी राहू नये. त्यापेक्षा जुना प्रश्न विचार, 'हे काढताना तू कुठे उभा होतास?' 'आपल्याच वाड्यामागे, आत्ता' असं लिहिणाऱ्याला तू हे विचारलं असतंस तर तो म्हणाला असता, 'मी नाही काढला, मला आलाय.' तिथेच विषय संपला असता. आणि वाडा तुझ्या घरापासून किती लांब? तू दुचाकीवरून जाऊन बघू शकत होतीस. पणजीत बसलेल्या डेस्कला, दिल्लीतल्या वाहिनीला जे जमणार नाही ते तुला जमतं. तू तिथे राहतेस, हीच तुझी कमाई आहे, आणि त्या रात्री नेमकी तीच तू वापरली नाहीस.

आता दुसरा व्हिडिओ. बाय, तो मलाही पाठवायला नको होतास. मी एकदा पाहिला आणि पुसला.

तो छापू नकोस. वर्तमानपत्रात नाही, पानावर नाही, धूसर करूनही नाही. तो गाडीच्या केबिनमधून काढलाय. काचेवर लोंबणारी माळ दिसते, वायपरची एक काडी तुटलेली दिसते. त्या कामावर अशा किती गाड्या असतील? ज्याने तो काढला त्याचं नाव व्हिडिओतच लिहिलेलं आहे, वाचणारा फक्त त्याचा मालक असेल. त्याची नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईट होईल. त्याने तुला बातमी दिली आहे, स्वतःला दिलेलं नाही. तो व्हिडिओ वाट दाखवणारा समज आणि स्वतः तिथे जा.

दिवसाउजेडी जा. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा समोरच्या उंचवट्यावरून तुझा स्वतःचा फोटो काढ, मालकीच्या जागेत शिरू नकोस. कापलेला भाग, शेजारचा विजेचा खांब आणि एखादी न हलणारी खूण, देऊळ म्हण, साकव म्हण, एका चौकटीत येऊ दे. मग सर्व्हे नंबर काढून, जमीन कोणाची ते सांगणारा एक-चौदाचा उतारा घे, ऑनलाइनही मिळतो. त्यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो बरेच जण विचारतच नाहीत. परवानगी आहे का? गोव्याच्या १९७४ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या कलम १७-अ प्रमाणे डोंगरउताराची कापणी किंवा सखल जमिनीत भराव घालणं मुख्य नगरनियोजकांच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणजे परवानगी असू शकते. व्हिडिओ शंभर टक्के खरा, जागा खरी, रात्र खरी, आणि तरी 'बेकायदा डोंगरकापणी' हा मथळा खोटा, असं होऊ शकतं. पंचायतीत विचार, मामलेदार कचेरीत विचार, नियोजन खात्याला लेखी विचार. तोंडी उत्तर देत नसतील तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाक. ३० दिवस जातील, पण बातमी त्यावर अडवून ठेवायची गरज नाही. 'परवानगीबाबत खात्याने उत्तर दिलेलं नाही' हे वाक्यही बातमीच असतं. जमीनमालकाचं म्हणणं घेतल्याशिवाय मात्र एक ओळ देऊ नकोस.

कापणी कधी सुरू झाली, हे आकाशातूनही बघता येतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. साधारण दर पाच दिवसांनी एक, आणि दहा मीटरचा तुकडा त्यात एक ठिपका म्हणून दिसतो. हिरव्यात पडलेला लाल ओरखडा ओळखायला तेवढं पुरतं. गुगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रं सरकवून बघता येतात. सत्तरीच्या पावसात ढगांखाली काही दिसत नाही, म्हणून पावसाळ्याआधीचं आणि नंतरचं असं जोडीने बघायचं.

टिपरवाल्याचा मूळ व्हिडिओ जपून ठेवायला हवा, कारण उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर लागेल. व्हॉट्सॲपवरून साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि कधी, कुठे काढला ही आतली माहिती निघून जाते. तू मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून किंवा केबलने घ्यायला हवी होतीस. अजून घेता येईल. ती न उघडता वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेव आणि ओळखीच्या संगणकवाल्याकडून तिचा हॅश काढून घे. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा. आत एक ठिपका बदलला तरी अंगठा बदलतो, त्यामुळे फाईलमध्ये नंतर फेरफार झाला नाही हे दाखवता येतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, त्यातही हा हॅश लिहावा लागतो.

त्या माणसाबद्दल आणखी एक. तो तुझ्या ग्रुपमध्ये आहे, हे तू फोनवर सांगितलंस. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. त्याला काढू नकोस, एकदम गेला तर लोकांच्या लक्षात येईल. फक्त तिथे त्याच्याशी एक शब्द बोलू नकोस. फोनही कमी कर, कारण कोणी कोणाला किती वाजता फोन केला याची नोंद कंपनीकडे राहते. वाळपईच्या बाजारात भेट, माणसासारखी. त्याच्या फोनमधले फोटो आपोआप गुगलवर चढत असतील तर आणि तो फोन घरातली पोरं किंवा मालकाचा मुनीम हाताळत असेल तर काय, हे त्याला विचार. त्याला हे सुचणार नाही. सुचवणं तुझं काम आहे.

बातमीचा स्रोत सांगायला पत्रकाराला भाग पाडू नये, असं संरक्षण १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे, पण ते प्रेस कौन्सिलपुढच्या सुनावणीपुरतं. पोलीस किंवा न्यायालय यांच्यासमोर असं थेट कवच देणारा कायदा नाही. फोनमधून हेरगिरी करणाऱ्या पेगासस सॉफ्टवेअरच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्रोतांचं संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची मूलभूत अट आहे असं म्हटलं, त्याचा आधार वकील घेतात. पण तू आधारावर विसंबू नकोस. जे तुझ्याकडे नाही ते कोणी तुझ्याकडून काढून घेऊ शकत नाही, म्हणून त्याचं नाव कुठेही लिहून ठेवू नकोस. फोनमध्येही खऱ्या नावाने नको.

धमकीच्या फोनचं सांगते. तारीख, वेळ, शब्द न् शब्द वहीत लिही आणि आजच डेस्कला मेल कर. पुन्हा फोन आला तर शांतपणे म्हण, 'तुमचं म्हणणं लेखी द्या, बातमीत जसंच्या तसं घेते.' बहुतेक फोन तिथेच बंद होतात. खरोखर पोलिसांकडून बोलावणं आलं तर लेखी नोटीस माग. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे स्त्रीला तिच्या राहत्या जागेशिवाय दुसरीकडे यायला भाग पाडता येत नाही. हे पाठ करून ठेव. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून घाबरू नकोस, स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कर. आणि दैनिकाला एक प्रश्न आताच लेखी विचारून घे, 'या बातमीवरून माझ्यावर तक्रार झाली तर वकील कोण देणार?' बातमीमागे मानधन घेणाऱ्याला हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. वाटू देऊ नकोस.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. तू पहिला व्हिडिओ गुपचूप पुसलास. समजा उद्या धमकीला घाबरून दुसरी बातमीही गुपचूप पुसलीस. आणि खाणीच्या ट्रकांची पोस्ट तर फेसबुकने पुसलेलीच आहे. वाचणाऱ्याला या तिन्हींतला फरक कसा कळायचा? त्याला फक्त दिसतं, काल होतं ते आज नाही. मग तो ठरवतो, खोटं असणार, किंवा पैसे घेतले असणार. चुकलेलं आणि दाबलेलं एकाच रंगाचं दिसायला लागलं की दाबणाऱ्याचं काम फार सोपं होतं. त्याला सेन्सॉरची कचेरीही उघडावी लागत नाही.

ती कचेरी इथे होती, हे तुझ्या पिढीला सांगायला हवं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात छापायच्या प्रत्येक गोष्टीवर सेन्सॉरचा शिक्का लागायचा. माझ्या वडिलांच्या लग्नाची पत्रिकासुद्धा आधी मंजूर करून आणावी लागली होती. त्या शिक्क्याची चीड येते, पण निदान तो दिसायचा. कोणी रोखलं ते माहीत असायचं. आता सरकारला मजकूर रोखायचा असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९-अ आहे आणि त्याखालच्या २००९ च्या नियमांप्रमाणे ती प्रक्रिया गोपनीय राहते. कंपनीला रोखायचं असेल तर तिच्या धोरणाचं एक मोघम वाक्य येतं. न्यायालयांनी काही दारं उघडी ठेवली आहेत, तीही विसरू नयेत. आक्षेपार्ह संदेशाच्या नावाखाली अटक करायला वापरलं जाणारं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. सरकारविषयीची माहिती खरी की खोटी हे सरकारच्याच तथ्यतपासणी कक्षाने ठरवावं, असा जो नियम २०२३ मध्ये आला, तो मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला. आपलं पर्वरीचं खंडपीठ त्याच न्यायालयाचं.

म्हणून पानासाठी एकच नियम कर, कोणतीही गोष्ट कारण न सांगता काढायची नाही. चुकलं म्हणून काढलं तर तसं लिही. कोणी दाब आणला तर 'या बातमीवरून मला अमुक तारखेला फोन आला' असं लिही, बातमी मात्र काढू नकोस. फेसबुकने काढलं तर त्यांच्या सूचनेचा स्क्रीनशॉट लावून सांग आणि पुनर्विचाराचा अर्ज कर. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. खाणीच्या ट्रकांच्या पोस्टची मुदत गेली असेल, तरी ती काढली गेली होती हे आज लिहायला कोण अडवतंय?

आता घरच्यांचं म्हणणं. त्यांची भीती मला कळते, पण तू बंद करू नयेस असं मला वाटतं. तुझ्या पानाआधी या गावांची बातमी चवथ, जत्रा आणि अपघात एवढीच छापून यायची. ग्रुप मात्र जसा आहे तसा ठेवू नकोस. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, त्याच्याशी संगनमत नसेल तर, ॲडमिनला फौजदारीत ओढता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे. कायद्याचं ते ठीक. पण सकाळपर्यंत त्या माणसाचा नंबर तुझ्या अंगणात पडून होता. व्हॉट्सॲपचं चॅनल काढ, त्यात वाचणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि टाकतेस फक्त तू. ग्रुप ठेवायचाच असेल तर रात्री नऊनंतर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं कर. आणि फेसबुकवर कोणाचा नंबर, घर, गाडी, मुलांची शाळा दिसली की चर्चा न करता ती टिप्पणी काढ आणि खाली लिही, 'खासगी माहिती होती म्हणून काढली.'

डेस्कला काय सांगायचं, तेही तू विचारलं होतंस. असं सांग, 'बुधवारी देते, माझ्या फोटोसह, उताऱ्यासह आणि मालकाच्या म्हणण्यासह. तोवर दुसऱ्याने दिली तर देऊ दे.' पलीकडे जो कोणी रात्रपाळीला बसलाय, त्यालाही कोणीतरी वरून घाई करतंय. मी त्या खुर्चीत बसले आहे. तारीख पक्की मिळाली की तो गप्प बसतो.

त्या घरी जाऊन आलीस की मला कळव, रात्र झाली तरी चालेल. एक-चौदाचा उतारा काढून ठेव. पाऊस सरून आभाळ मोकळं झालं की उपग्रहाची चित्रं आपण दोघी बसून बघू. पणजीला येशील तेव्हा पेन ड्राइव्ह आणू नकोस, फक्त सर्व्हे नंबर घेऊन ये.

तुझी,
ताई